सुनेच्या रंगावरचं वाक्य

मी धुळ्यातल्या देवपूर भागात एका प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवलं, पण आज शहरात मला कोणी बाई म्हणत नाही. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हाक येते ती "ओ सासूबाई!" अशी. निवृत्तीनंतर मी खान्देशी बोलीतल्या विनोदी व्हिडिओंमध्ये खाष्ट सासू करते. कमरेवर हात, डोक्यावर पदर आणि शेजाऱ्यांनाही दचकवणारा आवाज. हे काम मला उत्तम जमतं. उगाच खोटा विनय कशाला?

आमचं चॅनेल चालवणारा दिग्दर्शक नरडाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात लिहितो. स्वभाव तापट, पण लेखणी चांगली. सुनेचं काम करणारी मुलगी जळगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. रविवारी बसने येते, दिवसभर शूटिंग करते आणि संध्याकाळी परत जाते. तिचा चेहराच असा बोलका, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक तिच्याकडे बघून हसतात.

चॅनेल वाढलं तशा कमेंटही वाढल्या. माझं कौतुक व्हायचं. तिच्या कामाचंही व्हायचं, पण त्यात कोणीतरी हमखास लिहायचं, 'सून जरा गोरी घ्या.' ती स्वतःच ते मोठ्याने वाचून दाखवायची आणि मोबाईल पर्समध्ये टाकून चहा घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात रावेरच्या एका मंडळाने आमचा कार्यक्रम ठेवला. लोकांसमोर प्रत्यक्ष करायची आमची पहिलीच वेळ. तिकडची बोली आमच्यापेक्षा जरा निराळी, पण आमची त्यांना समजते. मैदान दुपारपासूनच भरायला लागलं होतं. केळीच्या गाड्या भरणारे लोक तसेच कामाच्या कपड्यांत येऊन बसले होते.

स्टेजमागच्या खोलीत दिग्दर्शकाने आम्हाला कागद दिले. त्यात एक नवं वाक्य होतं. घरातली लाइट जाते आणि सासू म्हणते, "सूनबाई, बोलत राहा गं, नाहीतर या अंधारात तू सापडायची नाहीस!"

मुलीने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "दादा, हे काढा."

"अगं, गंमत आहे. लोक कमेंटमध्ये हेच लिहितात. मैदान डोक्यावर घेतील."

"लिहिणारे लिहू देत. आपण कशाला बोलायचं?"

"चार लोकांनी सेल्फी काय घेतले, लगेच इगो आला?" त्याचा आवाज चढला. "लेखक मी आहे."

तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "लॅबमध्ये माझ्याकडे रक्त तपासायला माझ्यासारख्याच सावळ्या मुली येतात. मला ओळखतात. मी सुई टोचत असताना विचारतात, ताई, रंग उजळायला तुम्ही कोणतं क्रीम लावता? आज तशाच मुली समोर बसल्यात. कार्यक्रम मी सोडणार नाही, लोक लांबून आलेत. पण हे वाक्य आलं, तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य माझ्या तोंडी होतं.

मी म्हटलं, "मी ते बोलणार नाही."

"अक्का, तुम्हीपण?" एवढंच म्हणून तो बाहेर गेला.

कार्यक्रम रंगला. लाइट जाण्याचा प्रसंग आला. मी ते वाक्य गाळलं आणि पुढचं घेतलं. एवढ्यात मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "सासूबाई, बॅटरी लावा, सून दिसत नाही!"

मैदान हसलं. मुलगी मात्र पदर खोचून थेट स्टेजच्या कडेला गेली आणि सुनेच्याच ठसक्यात म्हणाली, "दिसत नही व्हई तं चष्मा लाव ना भाऊ!"

मला राहवलं नाही. मी कमरेवर हात ठेवून तिच्या शेजारी उभी राहिले. "मनी वहू शे ती! तिले नावं ठेवाना हक फक्त माले शे, आनि मी बी ठेवत नही!" माझी सून आहे ती, तिला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आणि मीही ठेवत नाही, हे मी आमच्या बोलीत ठणकावून सांगितलं.

आधी बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. मग सगळीकडून आल्या. दोन-चार जण उठूनही गेले, तेही मी पाहिलं.

तो तुकडा कोणीतरी मोबाईलवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी तो गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता. कोणी शाबासकी दिली, कोणी लिहिलं, 'कलाकारांना घमेंड चढली, प्रेक्षकांचा अपमान केला.' दिग्दर्शक म्हणाला, माफीचा व्हिडिओ करू, विषय संपेल. मुलगी म्हणाली, "चष्मा लाव म्हटलं मी, शिवी नाही दिली." शूटिंग बंद पडलं.

काही आठवड्यांनी तो माझ्या घरी आला. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "अक्का, मला लिहिता येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"येतं," मी म्हटलं. "म्हणून तर ते वाक्य तुला शोभत नव्हतं."

त्याच आठवड्यात त्याने चॅनेलवर स्वतःचा व्हिडिओ टाकला. मागे संगीत नाही, काही नाही. त्यात तो म्हणाला, तसलं वाक्य मी लिहिलं होतं, या दोघींनी ते बोलायला नकार दिला, आणि त्यांचंच बरोबर होतं. काही जण चॅनेल सोडून गेले. त्याला शिव्याही पडल्या, त्या त्याने पुसल्या नाहीत. रावेरच्या टाळ्यांचा मला अभिमान आहेच. पण तापट डोक्याचा तो माणूस चारचौघांत असं बोलला, त्याचा अभिमान मला काकणभर जास्तच आहे.

आता मुलगीही त्याच्याबरोबर लिहिते. दोघांची भांडणं होतात, पण कागद पक्का होण्याआधी सगळ्यांसमोर वाचला जातो. परवा तिने एक प्रसंग लिहून आणला. सासू दुपारी अंगणात झोपते आणि गावाला वाटतं, कोणाचा तरी ट्रॅक्टर चालूच राहिलाय.

वाचायच्या आधी ती माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का, तुमच्या घोरण्यावर आहे. चालेल ना? नाहीतर काढते."

मी खरंच घोरते. सगळ्या टीमला ते माहीत आहे. मी जरा विचार केला.

"ठेव," म्हटलं. "पण ट्रॅक्टर नवा असू दे."