वंदनाच्या हातातली गिरणी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून चिडतो. पांढऱ्या साडीतली बाई, चिंचेचं झाड, मागून आलेली हाक... मी नांदुऱ्याच्या एका हायस्कुलात आयुष्यभर ग्रंथपाल होतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंखेतंही आमच्या घराबाहेर गेली, ती परत आली नाहीत. धाकटा भाऊ मिलिंद गेला तेव्हा आम्ही पिंड ठेवला नाही की कावळ्याची वाट पाहिली नाही. त्यामुळे हे लिहायला मला चार महिने लागले. लिहितोय तेही वैतागूनच.

आमचं गाव नांदुऱ्याहून पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हंड्याच्या तळाला चुन्यासारखा थर बसतो, तो दगडानं घासावा लागतो. माझ्या लहानपणी गावात किडनी हा शब्दच नव्हता, मुतखडा होता. पुढे नोकरीला लागलो तेव्हा किडनी गेली म्हणजे साठी-सत्तरीतला, शुगरचा नाहीतर बीपीचा जुना पेशंट, हे ठरलेलं होतं. बीटी कापूस आला त्यानंतरच्या वर्षांत हे बदलत गेलं. बीटीमुळे बदललं असं मी म्हणत नाही, मी फक्त काळ सांगतोय. आता चाळिशीतली माणसं जाऊ लागली. शुगर नाही, बीपी नाही. पाय सुजले तर कापसात उभं राहून सुजले म्हणायचे, तोंडाची चव गेली तर ऊन लागलं म्हणायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत दोन्ही किडन्या गेलेल्या. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी फवारणीला, कोणी अंगदुखीच्या गोळ्यांना. खरं कारण मला माहीत नाही. पण रक्त तपासलं तर आधी कळतं, एवढं नक्की. मी तशी कात्रणं गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर लावायचो. त्यावर लोक सायकलचा पंप टेकवून ठेवायचे.

मिलिंदनं बीटी पेरली ती फवारणी वाचेल म्हणून. बोंडअळीची वाचली, मावा-तुडतुड्यांची वाढली, आणि काही वर्षांनी गुलाबी अळी आली ती आलीच. पण त्याची कथा कापसाची नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला डायलिसिस लागलं.

डायलिसिससाठी डाव्या मनगटात दोन नसा जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथे बोटं ठेवली की आत सतत थरथर लागते. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या लाकडी खोक्याला हात लावून पाहा, अगदी तशी. ही थरथर रोज सकाळी तपासायची, थांबली तर तडक दवाखाना गाठायचा, असं तिथल्या टेक्निशियननं बजावलं होतं. मिलिंदला स्वतः बघायची धास्ती वाटायची. तो सकाळी हात पुढे करायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा.

"दादा, गिरनी चालू हाय का?"

"हाय बे. दळून राह्यली."

अडीच वर्षं रोज. मिलिंदची बायको वंदना तेवढ्यात चहा आणून ठेवायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गिरणी थांबली.

तो गेल्यावर महिन्याभरानं वारस नोंदीच्या कामासाठी मी वंदनाला घेऊन नांदुऱ्याला गेलो. सकाळचे पावणेअकरा झाले होते. बसस्थानकात एसटी थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, माणसं उतरली. मी आधी उतरलो. मागून वंदना उतरताना पायरीवर तिचा पाय साडीत अडकला आणि मी खालून तिचं डावं मनगट धरलं.

गिरणी चालू होती.

मी लगेच हात सोडायला हवा होता. आमच्याकडे भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावसुनेच्या अंगाला बोटही लावायचं नसतं. देव सोडले, पण हे सुटलं नाही. तरी माझा हात सुटेना. मी मनात दहा आकडे मोजले. थरथर तीच होती, जागाही तीच, अंगठ्याच्या मुळाशी. अडीच वर्षं रोज जी बोटांनी तपासली, ती ओळखण्यात मी चुकेन का?

"दादा... लोक पाहून राह्यले," वंदना म्हणाली.

मी हात सोडला.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. इंजिनची थरथर म्हणावी तर इंजिन बंद होतं आणि मी आकडे मोजेपर्यंत तिचे दोन्ही पाय जमिनीवर आले होते. मोबाइल पिशवीत, तोही बंद. माझी बोटं म्हणावीत तर त्यानंतर मी बसच्या दांड्याला, खांबाला, स्वतःच्या मनगटाला हात लावून पाहिला. काही नाही. त्या टेक्निशियनला फोन केला. फिस्टुला नसताना अशी थरथर लागते का, म्हटलं. तो म्हणाला, "नाही सर. तुम्ही थोडा आराम करा."

आराम कसला! मी वंदनाच्या मागे लागलो. रक्त तपासून घे.

"मले काय झालं? मी का फवारनी केली?"

"पाणी तर तेच पितेस ना?"

"मंग तुमी बी तेच पेता. तुमी काऊन नाई तपासत?"

मी तपासलं. नॉर्मल. रिपोर्ट तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "मंग झालं त. पानी चांगलं हाय."

कात्रणं वाचून दाखवली, वहीत किडनीचं चित्र काढून समजावलं. पंधरा दिवस हेच. शेवटी तिनं माझ्या बायकोकडे, प्रमिलाकडे, तक्रार केली की दादांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग दोघींना समोर बसवून मी बसस्थानकावर घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना कान तापले होते.

प्रमिला म्हणाली, "भावसुनेचा हात धरला, अन् मले आज सांगून राह्यले?"

"अगं, पडत होती ती!"

"पडत होती त सावरावं. आकडे काऊन मोजावं?"

वंदना मात्र स्वतःच्या मनगटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते मले बोलावून राह्यले का सावध करून राह्यले, दादा?"

 माझ्या मते 'ते' कुठेच नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती डोक्याला तेल लावून, पदर खोचून दारात उभी होती. "चला. रक्त देऊन येऊ."

माझा संताप तुमच्या लक्षात येतो का? कात्रणांनी जे झालं नाही, चित्रानं झालं नाही, ते या असल्या गोष्टीनं एका मिनिटात झालं.

रक्तातलं क्रिएटिनिन, जे साधारण एकच्या आत हवं, ते दोनच्या वर निघालं. वंदनाचं वय अडतीस. शुगर नाही, बीपी नाही, पायाला सूज नाही. डॉक्टर म्हणाले, अजून हातात आहे, पाणी बदला, अंगदुखीच्या गोळ्या बंद करा, दर महिन्याला या. मग केसपेपर पुढे ओढून विचारलं, "या स्टेजला कोणी येत नाही. काय त्रास होता? तक्रार काय लिहू?"

मी खिडकीकडे पाहिलं. प्रमिला म्हणाली, "साहेब, हात वाजला म्हून आलो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचलून 'रूटीन' असं लिहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर तीन माणसं डावा हात पुढे करून बसली होती. "गुरुजी, पाहा बरं, गिरनी हाय का?" मी हाकललं. हे थोतांड आहे, दवाखान्यात जा, म्हटलं. ती दुपारी परत आली, सोबत दोघं वाढवून. एका बाईचा हात नुसता बाजूला सारला तर ती आनंदानं म्हणाली, "नाई ना? चला, सुटली मी!" आणि रक्त न तपासता घरी गेली.

तेव्हा माझी खरी पंचाईत माझ्या लक्षात आली. नाही म्हटलं की ती दवाखान्यात जात नाहीत. हात पाहायलाच नकार दिला, तर मी वाईट लपवतोय समजून रडतात, आणि तरीही जात नाहीत.

मग मी खोटं बोलायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा, रोज. येईल त्याचं मनगट धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "हाय. दळून राह्यली. उद्याच्या उद्या रक्त तपासून ये." आणि ते जातात! बऱ्याच जणांचं नॉर्मल येतं, ते पेढे आणतात. काहींचं येत नाही. त्यांना डॉक्टर वेळेवर गोळ्या देतात. ते पेढे आणत नाहीत, पण चालत येतात. आणि सगळ्यांनाच 'हाय' म्हटल्यामुळे, हा प्रकार तपासून पाहायची एकमेव संधीही मीच घालवली. ग्रंथपालाला हे शोभतं का? नाही शोभत.

त्यात आता शकील. वय चौतीस, पाठीवर पंप घेऊन मजुरीनं शिवारभर फवारणी करतो. मागच्या आठवड्यात आला. चपलेचा पट्टा पायावर रुतलेला, पट्टा काढला तरी खळगा तसाच. मी मनगट धरलं, डोळे मिटले, उघडले. म्हणालो, "हाय. उद्या जा."

तो हसला. "सर, तुमी त सगळ्याइलेच हाय म्हनता. चाचाले बी म्हनलं, त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला."

"चांगलंच झालं ना मग?"

"मले इमानानं सांगा. खरंच लागलं का? लागलं असंल त जातो."

"आधी रक्त दे."

"आधी तुमी सांगा. एक दिवसाची मजुरी बुडते, सर. सीजन हाय. झाल्यावर पाहू."

आणि पंप उचलून गेला.

बसस्थानकावर वंदनाच्या हाताला मला काय लागलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडे नाही. कोणा वाचकाकडे असेल तर जरूर कळवावं, फक्त मिलिंदच्या आत्म्याबद्दल लिहू नये, मी ते वाचणार नाही.

शकील दुपारी झाडाखाली बसून फोनवर हे सदर वाचतो, हे मला माहीत आहे. म्हणून त्याचं मनगट धरल्यावर मला काय लागलं, की काहीच लागलं नाही, ते इथे लिहीत नाही. शकील, सोमवारी सकाळी पावणेनऊची एसटी आहे. मी स्टँडवर उभा राहीन. आधार कार्ड घे. रिपोर्ट हातात आला की सांगतो.