गडग्यावरचा व्यापार

जगातली सगळी भांडणं कुणीतरी कुणाचं तरी भांडं रिकामं परत पाठवल्यामुळे सुरू होतात, असं मनापासून मानणारा अर्थशास्त्राचा प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. अलिबागच्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला आणि स्वतः मात्र रेवदंड्याची आपली वाडी सोडून मुंबईपलीकडे कधी गेले नाहीत. "माल जातो-येतो ना? मग माणसाने कशाला हलायचं?" असा त्यांचा सवाल. दुपारी जेवणं झाली, की वामकुक्षी सोडून हे गृहस्थ कोटाच्या पडक्या तटावर जाऊन बसतात. दूर एखादं जहाज दिसलं, की डोळे अर्धवट मिटून "ह्यात काय असेल?" असं स्वतःलाच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. कधी लवंगा, कधी शिवणयंत्रं, कधी कुठल्याशा थंड देशातल्या पोरांचे लोकरी मोजे. बहुतेक जहाजांत कोळसा असतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण कोळशाचं नाव ते काढत नाहीत.

त्यांच्या घरात शिरायचं तर जकात द्यावी लागते, फोनवरसुद्धा. पैशांत नव्हे, मामांना माहीत नसलेली एक तरी गोष्ट सांगायची, मगच चहा. मी लग्न ठरवायला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कुणी हे सांगितलेलं नव्हतं. मामा दारातच आडवे. "परदेशी माल आहे, तपासणी होणार," म्हणाले. घाबरून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की आमच्या गल्लीत एक म्हातारा फक्त छत्र्यांच्या मुठी विकतो, अख्खी छत्री ठेवतच नाही. मामांचा चेहरा असा उजळला! त्यांनी मला मिठीच मारली. "मुठी विकतो! नुसत्या मुठी! ह्याला म्हणतात विशेषीकरण!" माझा पगार, पत्रिका, कुळ ह्यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या बाजूने लग्न तिथेच ठरलं.

मे महिन्यात पाहुण्यांवर कोटा असतो. पुण्याकडची मंडळी अमुक, मुंबईकडची तमुक, त्यावर एकही डोकं वाढवून मिळणार नाही, असं मामा गंभीरपणे फोनवर कळवतात. मामी मागून फोन काढून घेतात आणि "या हो सगळी, गाद्या उन्हात घातल्यात," म्हणून मोकळ्या होतात. मग मामा आठवडाभर सर्वांना सांगत फिरतात, की कोटा हा नेहमी मागल्या दाराने फुटतो आणि हे त्यांनी कॉलेजात शिकवलेलंच होतं.

पण त्यांचं खरं प्रेम तुलनात्मक फायद्याच्या सिद्धांतावर. तो ते मामींच्या देखत शिकवतात. "हे बघ, ही नारळ माझ्यापेक्षा चांगला सोलते. भात तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला करते. म्हणजे मी दोन्हींत वाईट. मग मी फुकट गेलो का? नाही! नारळात मी जरा कमी वाईट आहे. म्हणून नारळ माझ्याकडे, भात तिच्याकडे, आणि दोघंही सुखी. जगात कुणीही फुकट जात नाही रे, हे केवढं मोठं आश्वासन आहे!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कातर होतो. मामी आतून म्हणतात, "ह्यांचं ऐकलं की वाटतं, काम टाळायलासुद्धा डिग्री लागते."

ह्या सिद्धांताची प्रयोगशाळा म्हणजे वाडीच्या कडेचा दगडी गडगा. गडग्यापलीकडे नाखवाचं घर. नाखवा आणि मामा एका इयत्तेत शिकलेले. पुढे एक बोटीवर गेला, दुसरा फळ्याकडे. मामींची एक पितळी तपेली आहे. ती इकडून नारळ, कोकम, फणसाचे गरे घेऊन जाते आणि तिकडून बोंबील, मांदेली, कोळंबी घेऊन येते. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची साधी रीत. मामा तिला जगातला सगळ्यात जुना करार म्हणतात. नारळी पुनवेला नाखवा समुद्राला वाहतो तो नारळही मामांच्याच वाडीतला. तो मामा स्वतः निवडतात, स्वतः सोलतात, शेंडी राखतात आणि सकाळी गडग्यावर ठेवतात.

गेल्या काही वर्षांतली एक पुनव. त्याच दिवशी राखी, म्हणून सासूबाईंना त्यांच्या भावाकडे घेऊन आम्ही दरवर्षी जातो. पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद, त्यामुळे खड्डे मोजत रस्त्याने आदल्या संध्याकाळी पोचलो. ओटीवर नाखवा बसला होता. परदेशाने आपल्या कोळंबीवरची जकात एकदम चढवली होती आणि व्यापाऱ्याने नाखवाला सांगून टाकलं होतं, की यंदा माल कमी घेऊ, भावही पडेल. मासेमारी पुन्हा सुरू व्हायच्या तोंडावर ही बातमी.

"मास्तर, तू जलमभर ह्येच शिकवलंस ना? मंग सांग," नाखवा म्हणाला, "आमचे कोलंबीनं त्यांचं काय घोडं मारलं?"

मामा खुलले. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपणहून प्रश्न विचारला होता. त्यांनी जकात का लावतात, कुणाचं भलं होतं, कुणाचं बुडतं, सगळं इतकं सुरेख समजावलं की मीही गुंगून गेलो.

"त्यांचं ऱ्हाऊ दे," नाखवा म्हणाला. "मी काय करू?"

मामांनी डोळे अर्धवट मिटले. वर्गातल्याच लयीत म्हणाले, "शास्त्राप्रमाणे तुझा तुलनात्मक फायदा आता कोळंबीत उरला नाही. भांडवल दुसरीकडे वळवायचं. म्हणजे, बोट विकायची."

नाखवाने पायात चपला घातल्या. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला.

सकाळी मामांनी गडग्यावर नारळ ठेवला. तो तिथेच राहिला. नाखवाने बाजारातून नारळ आणल्याचं दूधवाल्याकडून कळलं. थोड्या वेळाने नाखवीण आली, मामींच्या हातात तपेली देऊन उभ्याउभ्याच परतली. तपेली लखलखीत घासलेली होती आणि रिकामी. मामींनी ती उलटी करून पाहिली, तळाशी काही चिकटलं असेल म्हणून.

मामा झोपाळ्यावर बसून राहिले. मनगटावर नुकतीच बांधलेली फुगीर स्पंजची राखी. मला म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं का रे?"

"चुकीचं नाही, पण..."

"फळ्यावर बरोबरच होतं ते. फळ्यावर बोट म्हणजे नुसतं भांडवल असतं." मग हळूच म्हणाले, "त्या बोटीवर त्याच्या आईचं नाव आहे. ती अक्षरं मीच रंगवलीत."

मग ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. मामी नारळीभाताची तयारी करत होत्या. "सरक. भात मी करणार."

"अहो, तुमचा फायदा नारळ सोलण्यात ना?"

"म्हणूनच," मामा म्हणाले.

पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं अवघड आहे. गूळ आधी घातला, मग आठवलं की तांदूळ शिजायचाय. लवंगांची बरसात झाली. खालून करपला, वरून कच्चा राहिला. मामी दाराशी पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. मामांनी तो भात तपेलीत भरला, वर तो शेंडीचा नारळ ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः उचलून, धोतर सावरत, गडगा ओलांडून गेले. आम्ही सगळे मागच्या दारातून बघत होतो.

नाखवाने अंगणातच एक घास तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावला.

"मास्तर, ह्यो भात तू केलास?"

"हो."

"तुझ्या शास्त्रात बसतंय काय ह्ये?"

"नाही बसत," मामा म्हणाले.

नाखवा हसायला लागला, ठसका लागेपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "तू नारलच सोलत जा बाबा." आणि तो नारळ त्याने उचलून काखेत घेतला. संध्याकाळी समुद्राला तोच गेला. बाजारातल्या नारळाची नाखविणीने चटणी केली. रात्री तपेली परत आली ती सोड्यांनी, सोललेल्या सुक्या कोळंबीने, काठोकाठ भरून.

ही गोष्ट इथे संपती तर मला आवडलं असतं. त्या मोसमात बोट समुद्रावर गेली. पुढल्या मोसमाआधी नाखवाने ती विकली. सौदा करायला जाताना त्याने मामांना बरोबर नेलं. त्या दिवशी मामांचा मला फोन आला. "माझं म्हणणं खरं ठरलं रे," म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. जकात मागायलाही विसरले.

तपेली अजून जाते-येते. तिकडून आता कधी बाजारची केळी येतात, कधी बिस्किटं. मामी कौतुक करून घेतात. मागच्या हिवाळ्यात मी मांडव्याच्या बोटीने गेलो होतो, तेव्हा दुपारी मामांना शोधत कोटावर गेलो. तटावर दोघं बसले होते, मामा आणि नाखवा. समुद्र निवांत होता, ऊन कोवळं होतं. मीही शेजारी टेकलो. दूरवर एक जहाज जवळजवळ न हलता चाललं होतं.

मामांनी डोळे अर्धवट मिटले. "ह्यात काय असेल?"

ह्या वेळी उत्तर त्यांनी दिलं नाही. नाखवाने कपाळावर हात धरून जहाज नीट न्याहाळलं.

"भात असंल," तो म्हणाला. "करपलेला."

"असेल," मामा म्हणाले, आणि ते जहाज दिसेनासं होईपर्यंत दोघंही तिकडेच बघत राहिले.