मोटेच्या गणितातलं शून्य

त्या वर्षी मी सहीखाली बी.एस्सी. लिहीत असे. पगारपत्रकावर लिहिलं तर समजू शकतं, पण मी हजेरीपटावर लिहायचो, खडूच्या खोक्याच्या पोचपावतीवर लिहायचो, रजेच्या अर्जावर तर एकदा वर आणि खाली दोन्हीकडे लिहिलं. आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी बी.एस्सी. झालेलं नव्हतं. त्यामुळे ती अक्षरं हवी तितकी झिजवायचा हक्क आपल्याला आहे, असं मला वाटे. गाव माझं केदारखेड्याच्या बाजूचं आणि नोकरी लागली पार दुसऱ्या टोकाला, घनसावंगीच्या अलीकडच्या एका गावात. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. शाळा दहावीपर्यंत होती आणि विज्ञान शिकवायला मी एकटाच होतो.

खरं सांगायचं तर मला भौतिकशास्त्र येत नव्हतं. पास व्हायला लागतं तेवढं पाठ होतं. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित मी कॉलेजात इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. पण तो ठोकळा उतारावर ठेवलाय कशाला, त्यानं कुणाचं काय अडलंय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला असता तर बहुतेक मी नापास झालो असतो.

शिकवायचोही तसंच. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, लिहा. मुलं लिहायची. शंका विचारा म्हटलं की सगळे खाली बघायचे, आणि मला वाटायचं, काय छान समजलंय यांना.

नववीच्या सहामाहीची प्रश्नपत्रिका मीच काढली. पुस्तकातली उदाहरणं सगळी शहरातली, लिफ्टची आणि मालगाडीची. म्हटलं, पोरांना ओळखीचं काही द्यावं. म्हणून मी घरचं गणित तयार केलं : एक बैलजोडी मोटेने दीडशे किलो पाणी दहा मीटर वर काढते, तर बैलांनी केलेले कार्य काढा. पाच गुण. दीडशे गुणिले दहा, पंधराशे किलोग्रॅम-मीटर, संपला विषय. गणित लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूष झालो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासले. सगळ्यांनी पंधराशे लिहिलं होतं. एका मुलीनं गुणाकारच केला नव्हता. ती गावातल्या एका बागवानाची मुलगी, नेहमी दुसऱ्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी. तिनं लिहिलं होतं : 'मोट वर येते तेव्हा बैल उतारावरून खाली जातात. तेव्हा त्यांचे वजनच पाणी ओढते, त्यांना जोर कमी लागतो. बैलांचे कार्य परत वर चढताना होते. म्हणून बैलांचे वजन आणि उताराची खोली द्यायला पाहिजे. ती गणितात दिलेली नाही.'

शेवटचं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. गणितात चूक आहे म्हणते! बी.एस्सी.च्या गणितात! मी लाल शाईनं शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'डोके वापरावे.' शाळा उघडल्यावर तेवढ्यावरही भागलं नाही. पेपर वाटताना तिचं उत्तर मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो, "पाणी वर येतंय आणि बाईसाहेब म्हणतात काम नंतर होतं. म्हणजे आधी जेवायचं आणि मग स्वयंपाक करायचा." वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. ती पेपर घेऊन जागेवर जाऊन बसली. तिला शंभरात एकतीस पडले होते. पास व्हायला पस्तीस लागत.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठ दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. पट घसरला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ते म्हणाले, बापाला भेटा आणि मुलीला समजावून घेऊन या. एका पोराकडून कळलं की तिचे चुलते तिच्या शिक्षणाच्या विरुद्ध होते. बापानं त्यांना सांगितलं होतं, एका विषयात जरी नापास झाली तरी काढतो, तोवर कुणी बोलायचं नाही. म्हणजे तिला घरी बसवलं होतं ते माझ्या शून्यानं. हे ऐकूनही मला काही वाटलं नाही, हे लिहायला आज लाज वाटते. मी शिक्षणाच्या महत्त्वावर चार वाक्यं मनात जुळवली आणि निघालो.

बागवानाचा मळा गावाबाहेर होता. बऱ्याच विहिरींवर तोवर इंजिनं आली होती, याची मात्र अजून मोट चालू होती. मुलगी लांब वांग्यांच्या वाफ्यांत दारं धरत होती, म्हणजे खोऱ्यानं पाण्याला या वाफ्यातून त्या वाफ्यात वाट करून देत होती. तिनं मला पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

बापानं आधी मला पाणी दिलं. मी प्यायलो आणि माझी वाक्यं सुरू केली. त्यानं दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"मास्तर, तुमीच लिवलं ना, डोकं वापर म्हनून? मी पोराकडून वाचून घेतलं. डोकं न्हाई तर कशाला बसवायची शाळंत? हितं कामाला तरी येती."

तो बैलांकडे वळला, कारण पाणी थांबवून चालणार नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोट जवळून पाहिली.

हे सांगायला हवं. माझ्या लहानपणी आमच्या गावात विहिरीच्या धावेवर आमच्या माणसांना पाय ठेवता येत नसे. धाव म्हणजे बैलांची जायची-यायची वाट. आम्हाला पाणी मिळे ते लांब उभं राहून, कुणी ओतलं तर. पुढं बौद्ध झालो, शिकलो, पण इतक्या वर्षांत मोट मी पाहिली ती रस्त्यावरूनच. तिथून बैलांच्या नुसत्या पाठी दिसत, आणि मधेच त्या दिसेनाशा होत. का दिसेनाशा होत, याचा मी विचार केला नव्हता. पुस्तकातल्या चित्रात बैल सपाट जमिनीवर चालत होते, तेच मी खरं धरलं होतं.

इथं तर सरळ उतार होता. विहिरीच्या काठापासून धाव खाली खाली जात होती. बैल उतरायला लागले की बाप टुणकन नाड्यावर, म्हणजे त्या जाड दोरावर बसे. तेवढ्यात मागं मोट वर येऊन भडभडून रिकामी होई. बैल आरामात चालले होते. खरा त्रास पुढं होता. रिकामी मोट विहिरीत सोडताना ते मागं सरत सरत चढ चढत, तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुलत आणि पोटाचे भाते हलत. ओझं होतं तेव्हा मजेत आणि ओझं नव्हतं तेव्हा घायकुतीला.

मी विचारलं, "चाचा, तुम्ही दोरावर का बसता?"

"वजन पडतं ना. तेवढंच बैलाला हलकं." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बसा की. बगा तरी."

मी इस्त्रीच्या पँटीसकट नाड्यावर बसलो. बैल चालले, दोर माझ्यासकट खाली निघाला आणि मागं पाण्याचा आवाज आला. माझ्या वजनानं पाणी वर आलं होतं, निदान त्यातलं थोडंसं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो उतारावरचा ठोकळा माझ्यासमोर चालत होता. त्याला चार पाय होते म्हणून मी ओळखला नव्हता.

मी उतरलो आणि काडीनं ओल्या मातीत आकडे मांडले. बापाला विचारलं, एका बैलाचं वजन किती असेल? तो म्हणाला, बैल काय कुणी तोलत न्हाई, पण असंल साडेतीन क्विंटल. उतार किती खोल? पुरुषाच्या डोक्याच्या थोडं वर, म्हणजे दोन मीटर धरू. सातशे किलोची जोडी दोन मीटर खाली उतरते, चौदाशे. पाण्याला लागतात पंधराशे. बैलांना पायांनी ओढायचे राहिले फक्त शंभर. आणि ते चौदाशे फुकट मिळत नव्हते. दर खेपेला सातशे किलो दोन मीटर वर चढवून ते परत जमा करावे लागत होते. मी पुन्हा मांडून पाहिलं. आकडे तेच आले.

मुलीचं उत्तर बरोबर होतं. चुकलं होतं ते माझं गणित. वजन आणि खोली खरोखरच दिलेली नव्हती.

मी बापाला सांगितलं, "तिचं बराबर होतं. माझं चुकलं. मी गुण देतो, पास होईल ती."

मला वाटलं होतं तो खूष होईल. तो म्हणाला, "मास्तर, मला वाचता येत न्हाई. आधी लिवलं ते खरं का आता लिवनार ते खरं, मला कसं कळावं? तुमी पोरांम्होरं हसले म्हनं. मंग पोरांम्होरंच सांगा. मी येऊन ऐकतो."

मुख्याध्यापक म्हणाले, गुण वाढवून मोकळे व्हा, वर्गात बोलायची काय गरज? पोरांना मास्तराची चूक एकदा सापडली की संपलंच. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, त्यांना माहीत होतं त्याहून जास्त पटत होतं. शिक्षकांच्या खोलीत माझ्या राखीव जागेबद्दल हळू आवाजात काय बोललं जातं ते मी ऐकलेलं होतं. कुणीतरी माझी चूक व्हायची वाटच बघत होतं आणि मी ती स्वतः ताटात वाढून देणार होतो. मी घाबरलो होतो. पण ती मुलगी वांग्यांत वाकलेली दिसायची, आणि मला शिकताना कुणी असं हसून घरी बसवलं असतं तर माझं काय झालं असतं, हे मला बरोबर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाप मुलीला घेऊन आला. ती दुसऱ्या बाकावर बसली, तो दाराशी उभा राहिला. मी फळ्यावर विहीर काढली, धाव काढली, सातशे किलो, दोन मीटर, चौदाशे आणि पंधराशे मांडले. मग वर्गाकडे वळून म्हणालो, "मी दिलेलं गणित चुकीचं होतं. हिनं ते ओळखलं. मी समजून न घेता शून्य दिलं आणि तुमच्यासमोर हिला हसलो. माझं चुकलं." या वेळी कुणी हसलं नाही.

दारातून बाप म्हणाला, "मास्तर, रागावू नका. चढताना बैल दमतो हे मला पैल्यापासून ठाव हाय, माझ्या बापालाबी ठाव होतं. मंग एवढ्यासाठी शाळा कशाला पाहिजे?"



उत्तर मुलीनं दिलं, बसल्या जागेवरून. "अब्बा, दमतो ते तुमाला ठाव हाय. किती ते न्हाई. आपला डावा बैल म्हातारा झालाय, चढताना बसून राह्यलाय. धाव अर्धा मीटर भरून घेतली तर चढायचं चौदाशेवरून हजार पन्नासावर येतं. ते साडेतीनशे कुठं जात न्हाईत, खाली जाताना जास्त ओढावं लागतं. पन उतरताना त्याला दम हाय. चढताना न्हाई."

बापानं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बराबर हाय का हो, मास्तर?"

मी खडू घेतला. सातशे गुणिले दीड. मग पंधराशेतून ते वजा. मग आधीचे शंभर आणि आताचे साडेचारशे यांतला फरक. तिनं तोंडी केलेलं मला फळ्यावर करायला बराच वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्या वर्गानं पाहिला.

"बराबर आहे," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ द्या तिला हितं," बाप म्हणाला. "दारं मी धरतो."