अकिलाआपांची चार अक्षरं

दौंडला रेल्वे वसाहतीच्या मागच्या गल्लीत अकिलाआपांचं घर आहे. त्यांच्या पुढच्या खोलीत रोज दुपारी तीन ते पाच मुलींचा आवाज घुमायचा. बावीस वर्षं आपा मुलींना अरबी अक्षरं वाचायला आणि कुराणाचं पठण करायला शिकवत होत्या. नवरा फिरोज रेल्वेत ट्रॅकमन. एकुलती मुलगी आसिया लग्न होऊन शिरूरला गेलेली. स्वतः आपा बारावीपर्यंत शिकलेल्या, पण उच्चाराच्या बाबतीत गल्लीत त्यांच्यापुढं कुणी बोलत नसे.

अरबीत काही अक्षरं अशी आहेत, की ती दातांशिवाय निघतच नाहीत. 'से', 'झाल' आणि 'झोय' म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकावं लागतं. 'फे' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला आतून लागावी लागते. या चार अक्षरांसाठी आपा नव्या मुलीला आठ-आठ दिवस एकाच जागी थांबवून ठेवायच्या. "माझ्या तोंडाकडं बघ आन् माझ्यासारखं म्हण," एवढंच त्यांचं शिकवणं.

डिसेंबरात एका सकाळी नळाला पाणी आलं नाही, म्हणून आपा गल्लीच्या टोकाच्या हापशावर गेल्या. त्यांना सगळंच घाईनं करायची सवय. हंडा भरत आला तसा त्यांनी एका हातानं दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं हंडा सरकवायला वाकल्या. ओला दांडा हातातून निसटला आणि उसळून थेट तोंडावर आला. समोरचा एक दात मुळासकट बाहेर पडला, शेजारचा अर्धा तुटला. आपांनी तोंडाला पदर लावला, पडलेला दात उचलला, घरी नेऊन घासून-घासून स्वच्छ धुतला आणि रुमालात बांधून ठेवला. फिरोज ड्यूटीवरून येईपर्यंत चार तास त्या या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या.

गावातल्या डॉक्टरांनी टाके घातले. सूज उतरल्यावर त्यांनी काढता-घालता येईल असा प्लास्टिकचा दात टाळूवरच्या गुलाबी पट्टीसकट बसवून दिला आणि अर्ध्या दातालाही तात्पुरतं सिमेंट लावलं. दिसायला सगळं ठीक होतं. पण जिभेला ती पट्टी सारखी खुपायची. आपा दिवसातून वीस वेळा ती काढायच्या, धुवायच्या, परत घालायच्या. बोलताना शिट्टीसारखी हवा निघायची.

"कौन सुनता है इतना?" फिरोज म्हणाला.

"मैं सुनती हूँ," आपा म्हणाल्या.

आसियानं आईला शिरूरच्या डॉक्टर धनश्री यांच्याकडं नेलं. दौंडहून चौफुला, तिथून न्हावऱ्यावरून शिरूर. एसटीत आपा खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात 'से, से' म्हणत होत्या. शेजारची बाई जरा सरकून बसली.

धनश्री पस्तिशीच्या होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी एक्स-रे काढला, रुमालातला दात हातात घेऊन पाहिला.

"हा अर्ध्या-पाऊण तासात दुधात घालून आणला असता, तर परत बसवायचा प्रयत्न करता आला असता. आणि घासायचा नसतो तो."

"मला कुणी सांगितलंच न्हाई," आपा म्हणाल्या. मग दात परत रुमालात बांधला.

धनश्रींनी दोन रस्ते सांगितले. तुटलेल्या दाताचं रूट कॅनाल करून त्यावर कॅप बसवायची, हे दोन्हीकडं सारखंच. गेलेल्या दातासाठी मात्र एक तर ब्रिज करायचा, म्हणजे पलीकडचा चांगला दातही घासून तिघांची मिळून एक कॅप बसवायची. ते दोन-तीन आठवड्यांत होईल. नाही तर इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, हाडानं तो घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं आणि मग त्यावर दात. पण आपांची शुगर वाढलेली होती. ती खाली आल्याशिवाय स्क्रू बसवणार नाही, असं धनश्रींनी स्पष्ट सांगितलं.

"ब्रिजच करा. आजच घासा," आपा म्हणाल्या.

धनश्रींनी हातात आरसा दिला आणि पलीकडचा दात दाखवला. पांढरा, अखंड दात. आपांनी त्यावर जीभ फिरवली. खुर्चीतून उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

"ह्याला हात नका लावू. दुसरं करा."

घेतलेला निर्णय त्यांना दुसऱ्याच दिवशी जाचायला लागला. वाट पाहणं त्यांच्या अंगात नव्हतं. सकाळी साडेपाचला उठून त्या रेल्वे वसाहतीच्या रस्त्यानं इतक्या तरातरा चालायच्या, की सोबतच्या बायका मागं राहायच्या. भात सोडला, चहातली साखर सोडली. फेब्रुवारीत शुगर आटोक्यात आली आणि स्क्रू बसला. तेव्हापासून दर चार दिवसांनी धनश्रींना फोन.

"हाड धरलं का?"

"ताई, ते फोनवर कसं कळणार मला?"

एप्रिलमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या आणि आठ नव्या मुली शिकायला आल्या, सगळ्या सहा-सात वर्षांच्या. एका दुपारी आपा आत दूध उतरवायला गेल्या होत्या. बाहेर मुली आपल्या आपण म्हणत होत्या. 'से' आलं आणि आपांनी दारातून डोकावलं. आठही मुलींची जीभ टोकाशी दुमडून मागं जात होती, आठही तोंडांतून शिट्टी निघत होती. एकीची चूक असती तर गोष्ट वेगळी. इथं आठ लहान अकिला एका सुरात म्हणत होत्या.

त्या बाहेर आल्या. "थांबा. कुणी शिकवलं असं?"

सर्वांत लहान रुमाना म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना आपा असं."

आपांनी त्या दिवशी मुलींना लवकर घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशीही वर्ग घेतला नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. पुढची खोली झाडायच्या, चटया बाहेर टाकायच्या, परत आत घ्यायच्या. बावीस वर्षांत शिकवलेल्या मुली त्यांना आठवत राहिल्या, आणि या आठ जणी पुढं आपल्या मुलींना हेच शिकवतील, हा विचार काही केल्या जाईना. फिरोज काही बोलायला गेला की त्या हातानंच थांबवायच्या.

चौथ्या दिवशी कुणाला न सांगता त्यांनी सकाळची एसटी धरली. शिरूरच्या दवाखान्यात नाव नोंदवलेलं नव्हतं. दोन तास त्या बाकावर बसल्या, म्हणजे उठत-बसत राहिल्या.

"आज दात बसवा," आत जाताच त्या म्हणाल्या.

"नाही बसवता येणार. आत्ता भार टाकला तर स्क्रू हलेल, मग सगळं पहिल्यापासून."

तेव्हा आपांनी आठ मुलींची गोष्ट सांगितली. सांगताना रडल्या नाहीत, पण पट्टी काढून हातात घट्ट धरून ठेवली होती. धनश्रींनी ती त्यांच्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली.

"ही तर नीट करता येईल. परत घाला आणि 'फ' म्हणा बरं. फळ, फूल, फाटक."

"हे तुम्हाला काय करायचं?"

"दाताची लांबी आम्ही 'फ'वरच बघतो. दाताची कड ओठाला कुठं टेकते ते दिसतं."

आपा खुर्चीत सरळ झाल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"मग 'से'वरबी बघा. जीभ इथं कडेला लागाया पाहिजे. ह्यो दात आत गेलाय आन् वर प्लास्टिक जाड हाय, म्हंजी जिभेला जागाच न्हाई."

धनश्रींनी टाळूवरचं प्लास्टिक नालाच्या आकारात कापून काढलं. दात सुटा करून सरकवता येईल असा मऊ मेणावर जरा पुढं घेतला. आपा म्हणायच्या, "अजून थोडा," धनश्री सरकवायच्या. "आता जास्त झाला," त्या मागं घ्यायच्या. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून गेले. दुपारी दोनला एक 'से' असं निघालं, की आपांनी ते लगेच परत म्हणून पाहिलं.

"बरोबर?" धनश्रींनी विचारलं.

"रुपयात बारा आणे," आपा म्हणाल्या.

बारा आण्यांवर शिकवायचं नाही, हेही त्यांनी परतीच्या एसटीत ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, कॉलेजात जाणाऱ्या तहमीनाला बोलावलं आणि शेजारी बसवलं.

"ही चार अक्षरं आजपासून हिच्या तोंडाकडं बघून म्हणायची," त्यांनी मुलींना सांगितलं. "माझं चुकलं होतं."

तहमीना लाजली. आपांसमोर शिकवायचं म्हणजे तिला अवघडच. पण आपा मांडीवर हात घट्ट धरून गप्प बसल्या. बावीस वर्षांत त्या वर्गात अशा गप्प कधी बसल्या नव्हत्या. तहमीना चुकली तर फक्त भुवई वर जायची.

जूनच्या शेवटी धनश्रींनी स्क्रू तपासला. हाडानं तो पक्का धरला होता. त्यावर दात आणि शेजारच्यावर कॅप, दोन्ही जुलैत एकाच दिवशी बसले. त्याआधी दोनदा आपांनी ते परत लॅबला पाठवायला लावले होते, एकदा जाडीसाठी आणि एकदा लांबीसाठी. रंग मात्र त्यांनी बघितलाही नाही, तो आसियानं निवडला. खुर्चीतच आपांनी चारही अक्षरं म्हणून पाहिली. पहिले काही दिवस जीभ नव्या दाताला बिचकत होती. पंधरा दिवसांनी त्यांनी धनश्रींना फोन केला, यावेळी काही विचारण्यासाठी नाही. फोनवर एकदा 'से' म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आठांपैकी सात मुलींची जीभ ऑगस्टपर्यंत सरळ झाली. रुमानाचं काही जमेना. आपांनी तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. वरचे समोरचे दोन्ही दुधाचे दात पडले होते.

"आपा, माझे पण स्क्रूचे बसवायचे का?" तिनं विचारलं.

"तुझे आपोआप येतील. थांबायचं फक्त."

थांबायचं रुमानाला होतं, पण रोज तीनला ती दारात आली, की चप्पल काढायच्या आत आपा तिची हनुवटी धरून हिरडी बघतात.