मावशीला पाठ असलेलं शहर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतेय. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं काढलं की मी त्याला इतके प्रश्न विचारते की बिचाऱ्याचं भूतच पळून जातं. त्यामुळे आज या बाजूला येऊन लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण आमच्याकडे जे घडलं ते भर दुपारी, घरातल्या सगळ्यांसमोर घडलं. म्हणून लिहिते.

आम्ही नगरला सावेडीत राहतो. मी, आई आणि माझा धाकटा भाऊ रोहित. रोहित घरूनच कंपनीचं काम करतो आणि उरलेला वेळ गाड्यांच्या रेसचे गेम खेळतो. त्यासाठी त्यानं हॉलमध्ये टीव्हीसमोर टेबलाला खरंखुरं वाटेल असं स्टिअरिंग बसवलंय, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरसुद्धा.

गेल्या वर्षी आईची थोरली बहीण, मनोरमा मावशी, उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. ती देवळाली प्रवरेला एकटीच असते. काका गेल्यापासून तिनं घराचा उंबरा ओलांडणंच सोडलं होतं. रविवारी चर्चलासुद्धा जायची नाही. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरांनी बजावलं, "पाय हलवत राहा, नाहीतर गुडघा आखडेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही." मावशी व्यायामाला हातच लावेना.

"ताई, अगं थोडा तरी वाकव पाय," आई काकुळतीला यायची.

"मला कुठं जायचंय आता, सुमन? आखडू दे."

असं म्हणून ती भिंतीकडे बघत बसायची. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

तशातच एका दुपारी रोहितनं नवीन गेम घेतला. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल. गेम बाजारात त्याच दिवशी आला होता. समुद्राकाठचं एक भलंमोठं शहर — पृथ्वीवर कुठेच नसलेलं, गेमवाल्यांनी मनानं रचलेलं. आपण हव्या त्या गल्लीत गाडी घालायची, हवं तर रेस लावायची, हवं तर नुसतं फिरायचं. जिथे अजून गेलो नाही तो भाग नकाशावर धुक्यात झाकलेला. जास्तच दंगा केला तर पोलीस मागे लागतात.

रोहितच्या मागे ते लागलेच. सायरन, हेलिकॉप्टर, सगळा गोंधळ. आणि सोफ्यावरून मावशी शांतपणे म्हणाली, "डावीकडं घे. मासळीबाजारातून. तिथं मोठ्या गाड्या शिरत न्हाईत."

रोहितनं हसत हसत डावीकडे वळवली. समोर खरंच मासळीबाजार! पाट्या, बर्फाचे ढीग, अरुंद बोळ. पोलिसांच्या गाड्या बाहेरच अडकल्या.

"मावशी, तू याचा ट्रेलर बघितलास का?"

"ट्रेलर? उसाचा?"

आम्ही पोट धरून हसलो. मावशीकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता, तोही फक्त आईशी बोलायला. हसू ओसरल्यावर मात्र मी विचारलं, "मग तुला कळलं कसं?"

ती टीव्हीकडेच बघत होती. कितीतरी महिन्यांनी तिचे डोळे असे लकाकलेले दिसले. "अगं, हे तर माझं शहर हाय," ती म्हणाली. "ल्हानपनापासून येतंय सपनात. मी गाडी चालवत असते. रातच्याला, समुद्राच्या कडंनं..."

मी आईकडे बघितलं. आईच्या हातातलं मेथीचं ताट तसंच राहिलं होतं. "लहानपणी श्रीरामपूरला आम्ही एका गोधडीत झोपायचो," आई म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या ताई सांगायची — आज दीपगृहापर्यंत गेले, आज पुलावरून गेले. मला वाटायचं, मला झोपेतून उठवायला गोष्टी रचते."

रोहितनं लगेच मावशीला स्टिअरिंगपुढे बसवलं, कोपऱ्यातला छोटा नकाशा बंद केला आणि म्हणाला, "चल, दाखव दीपगृह."

मावशीनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पहिल्या दोन वळणांना तिनं कठडे घासले, एका फळवाल्याची गाडी उडवली आणि टीव्हीला हात जोडून "चुकलं बाबा" म्हणाली. पण रस्ता? रस्ता एकदाही चुकला नाही. पूल, चढण, चिंचोळा घाट — धुकं हटत गेलं आणि टेकडीवर दीपगृह उभं राहिलं. आणि या सगळ्यात तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबत होता, सोडत होता, दाबत होता. आईनं मला कोपरानं ढोसलं. आम्ही दोघी तो पाय बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मावशी जेवण उरकलं की स्वतःच वॉकर घेऊन टेबलापाशी यायची. रेसमध्ये मात्र कायम शेवटची... कारण ती लाल सिग्नलला थांबायची.

"मावशी, रेस आहे ही! सिग्नल तोडायचा!"

"लाल हाय ना? मग? समदे तोडतात म्हनून आपन तोडायचा व्हय?"

पण पैज लावली की, जिथे सिग्नल नाहीत अशा बोळाबोळांतून जाऊन ती रोहितला हरवायची. तिनं गॅरेजमधून एक जांभळी गाडी निवडली, तिच्यावर पांढरी फुलं रंगवून घेतली. कुठल्या बोगद्यानंतर नायट्रो मारायचा, म्हणजे गाडी एकदम सुसाट सोडायची, हेही तिला कळायला लागलं. शेजारच्या बायका दुपारी चहाचे कप घेऊन तिची गाडी बघायला यायच्या. गुडघा वाकायला लागला, वॉकर सुटला.

फक्त एका ठिकाणी ती अडली. शहराच्या उत्तरेला एक बोगदा होता आणि तो काँक्रीटच्या भिंतीनं बंद होता. मावशी वैतागली. "ही भिंत चुकीची हाय. पलीकडं जत्रंतला मोठा पाळना हाय. समदी खोकी पांढरी, येकच लाल."

रोहितनं तिला समजावलं की तिथे नकाशाच संपतो, पलीकडे काही बनवलेलंच नाही. मलाही हायसं वाटलं. चला, एक गोष्ट तरी चुकली! बाकीचं मी योगायोगात बसवलं होतं : समुद्राकाठच्या शहरांत पूल, बाजार, दीपगृह असायचंच. मासळीबाजाराचं म्हणाल तर, टीव्हीवर पाटी दिसली असेल.

काही आठवड्यांनी गेमचं अपडेट आलं. रोहितनं ते सकाळी लावून ठेवलं आणि विसरून गेला. दुपारी मावशी बसली, आणि थोड्या वेळात तिची हाक आली, "सुमन! ए सुमन, लवकर ये! भिंत पाडली!"

आम्ही धावलो. जांभळी गाडी बोगद्यातून चालली होती. भिंत नव्हती. बोगदा संपला, उजेड पडला... आणि समोर पाळणा. आकाशाएवढा, सावकाश फिरणारा. पांढरी खोकी एकामागून एक खाली येत होती. मग वरून ते लाल खोकं खाली आलं.

आई मावशीच्या गळ्यात पडली. दोघी म्हाताऱ्या रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना थापट्या मारत होत्या. "खोटं वाटायचं ना तुला? वाटायचं ना?" "वाटायचं गं ताई, वाटायचं!" रोहित तोंडावर हात ठेवून उभा. मावशीनं गाडी पाळण्याखाली उभी केली आणि हॉर्न दाबूनच धरला. वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून खाली आले, तर त्यांना आईनं शिरा करून खायला घातला.

त्यानंतर रोहितनं इंटरनेट पालथं घातलं. अपडेट येण्याआधी त्या पाळण्याचा एखादा फोटो, एखादी फुटलेली बातमी... त्याला काही सापडलं नाही. मीही शोधलं. शक्यता मांडल्या, खोडल्या. आईची आठवण मागाहून रंगली असेल म्हणावं, तर लाल खोक्याचं आम्ही सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी आधी ऐकलं होतं. माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आणि गंमत म्हणजे मावशीला उत्तर नकोच आहे. ती इथल्याच एका ड्रायव्हिंग क्लासला गेली, परीक्षेत पास झाली. गेल्या महिन्यात आमची गाडी घेऊन तीच आम्हाला राहुरीच्या रस्त्यानं देवळालीला घेऊन गेली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे शांतपणे, एकदाही हॉर्न न वाजवता. चर्चसमोर उतरली तेव्हा तिथल्या बायका किल्लीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

परतताना मी विचारलं, "मावशी, ते शहर अजून येतं का स्वप्नात?"

"न्हाई गं. पाळना बघितला त्या दिवसापासून बंद झालं." थोडं पुढे गेल्यावर तिनं आरशातून रोहितकडे बघितलं. "आता दुसरंच दिसतंय. डोंगर, आन समदीकडं पांढरं बर्फ. येक विचारायचं हुतं तुला — तिथं गाड्यांच्या चाकांना साखळ्या कशापायी बांधत्यात रं?"

मागच्या सीटवर रोहित सरळ होऊन बसला. "मावशी... चाक घसरू नये म्हणून."

"तरीच," मावशी म्हणाली आणि गिअर बदलला. "काल मी लई घसरले."