भाभींची घंटी

"घंटी वाजली? मंग ज्याचं काम त्यानं उठायचं. बाकीच्यांनी बसायचं!" असं म्हणून भाभी पेनानं स्टीलच्या पेल्यावर टण्‌ करायच्या.

जालन्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात त्या वयानं सगळ्यांत मोठ्या. घर राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं, कापडाच्या धंद्यातलं; भाभी पन्नाशीला टेकल्यावर कोडिंग शिकल्या. मी धावडा गावचा. आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, म्हणून त्या मला चिडवायला 'सर' म्हणत.

एका रक्तपेढीसाठी आम्ही वेबसाइट करत होतो. रक्ताची मागणी नोंदवणं, दात्यांना मेसेज, भिंतीवरच्या स्क्रीनवर मागण्यांचा आकडा, सगळं मी एकाच ठिकाणी कोंबलं होतं.

"सर, हा माणूस एकटाच सैपाक करून राह्यला, वाढून राह्यला, भांडीपण हाच घासणार का?" भाभी म्हणाल्या. "मागणीनं नुस्ती घंटी वाजवायची. मेसेजवाला ऐकेल, स्क्रीनवाला ऐकेल. कोडिंगमध्ये यालाच इव्हेंट म्हणतात."

मी हुरूपानं सगळं तसं बदललं. फक्त मेसेज गेला की त्याच मागणीवर 'मेसेज गेला' अशी नोंद करणारी एक ओळ माझ्या पदरची घातली. आता गंमत बघा. मागणीवर कुठलीही नोंद झाली की घंटी वाजायची. घंटी वाजली की मेसेज जायचा. मेसेज गेला की पुन्हा नोंद!

पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, एका बाळंतिणीसाठी बी निगेटिव्हची एक पिशवी हवी होती. थोड्याच वेळात रक्तपेढीतून फोन आला, "अहो, थांबवा हे!" भाभींनी आधी वेबसाइट बंद केली, मग मला स्कूटीवर मागं बसवून तिकडं नेलं.

दारात मेसेज मिळालेल्यांची ही गर्दी. डॉक्टर लालेलाल. "हे लिहिलं कोणी?"

मी तोंड उघडणार, तोच भाभी म्हणाल्या, "मी. बोला."

त्यांनी प्रत्येकाची माफी मागितली, चहा पाजला. एवढ्यात परतूरचा एक दाता दोन मेहुण्यांना जीपमध्ये घालून पोचला. "त्रेसष्ट मेसेज, मॅडम! कुठं रेल्वे पडली का काय?"

गर्दीत बी निगेटिव्ह तो एकटाच निघाला, म्हणून रक्त त्याचंच घेतलं. मेहुणे हिरमुसले. "मंग आमी कशाला आल्तो?"

"आलात तर नावं नोंदवा," भाभींनी फॉर्म पुढं सरकवला. दोघांनी नोंदवली.

संध्याकाळी कळलं, बाई आणि बाळ सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी भाभी माझ्या शेजारी बसल्या, पण कीबोर्डला बोट लावलं नाही. नवी मागणी आली तरच घंटी, ही दुरुस्ती त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली.

मागच्या वर्षी भाभी लेकीकडं सुरतेला राहायला गेल्या.

परवा ऑफिसातली नवी मुलगी रक्तपेढीच्या कोडची तीच फाइल उघडून बसली होती. "सर, वर कोणीतरी काही लिहून ठेवलंय."

मी वाकून वाचलं. 'हे धावड्याच्या सरांनी लिहिलं आहे. बिलकुल बराबर चालतं. बदलायचं असेल तर आधी त्यांना विचारा.'

"कोण हो हे सर?" तिनं विचारलं.

मी टेबलावरचा स्टीलचा पेला पुढं ओढला, पेनानं टण्‌ केलं आणि उठून उभा राहिलो.