भिंतीकडं तोंड केलेले कर्णे

थेरगावच्या सोपानरावाच्या नाकावर राग नुसता बसत नसे, त्यानं तिथं बिऱ्हाडच थाटलं होतं. देहूरोडच्या लष्करी डेपोत माल उतरवणाऱ्या टोळीचा तो मुकादम. दिवसभर हमालांवर ओरडायचं, संध्याकाळी सायकल हाणत घरी यायचं आणि उरलंसुरलं ओरडणं बायकोवर, सुभद्राबाईवर, संपवायचं. असा माणूस सनईचा शौकीन निघावा हे देवाचं काय गणित होतं कुणास ठाऊक! पण होता खरा. तबकडी लागली की त्याच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल व्हायच्या, तेवढीच काय ती घराला उसंत.

लष्कराच्या एका जुन्या सिनेमाघरातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यानं पडद्यामागचे दोन कर्णे उचलले. कर्णे म्हणजे लग्नात झाडाला टांगतात ते पत्र्याचे भोंगे नव्हेत बरं. जाड लाकडाचे, मागं मान बारीक आणि पुढं तोंड एवढं की आत वासरू बसावं. बैलगाडीतून ते वेशीत शिरले तेव्हा पारावरच्या मंडळींनी विचारलं, राव, गव्हाणी घेतल्या का? सोपानरावानं त्यांचं कूळ काढलं आणि गाडी पुढं नेली. गावात वीज तर नव्हतीच. ट्रकची बॅटरी देहूरोडच्या बाजारात भरून घ्यायची, सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायची आणि तिच्यावर तबकडीचं मशीन चालवायचं, असा सगळा उपद्व्याप.

हे कशासाठी, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. आई, छबूबाई, कानानं अगदी गेली होती. शेजारी तोफ सुटली तरी मान वळवायची नाही. या माउलीनं लेकाच्या लग्नात वाजंत्र्यांपुढून उठायला नकार दिला होता, आणि आता तिला पाखराचा आवाजही येत नव्हता. तिच्या कानात एकदा सनई घालायची, एवढंच सोपानरावाला हवं होतं. बाकी दुनिया गेली चुलीत.

अडचण होती ती भावाची. सख्खा भाऊ, पक्का वैरी. सोपानराव शेती सोडून डेपोत लागला त्या दिवसापासून थोरला भिमाजी म्हणायला लागला, राबायला मी आणि वाटा घ्यायला हा. सोपानराव म्हणायला लागला, पगार घरात घालतो तो कुणाच्या नरड्यात जातो? शेवटी पंच बसले. बैल वाटले, भांडी वाटली, लांबलचक सोप्याच्या मधोमध मातीची भिंत घातली. आईला काही चिरता येईना, म्हणून तिचे महिने ठरले. दर महिन्याच्या पाडव्याला तिनं गाठोडं उचलायचं आणि एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचं. सोपानरावानं पंचांसमोर देवाची शपथ घेतली की भिमाजीचा उंबरा या जन्मात ओलांडणार नाही. शपथ घेताना माणसाला वाटतं, आपण दुसऱ्याला बांधतोय.

आता वाट्याला आलेल्या अर्ध्या सोप्यात हे धूड बसवायचं कसं? सिनेमाघरातल्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं मंत्र दिला होता: कर्ण्याची मान कोपऱ्यात घाल, म्हणजे भरदार वाजतो. दोन्ही तोंडं जराशी आत वळव. आणि दोन्ही आवाज जिथं एक होतात, तिथं बैठक मांड. ऐकायला सोपं वाटतं. एका कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती, ती त्यानं पडवीत काढली. दुसऱ्यात सुभद्राबाईची उतरंड होती, तीही गेली. घर तुमचं का या भोंग्यांचं, असं तिनं विचारलं आणि ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. नवऱ्यानं ते बरंच मानलं.

मग सुरू झाली ओढाताण. मान भिंतीला टेकवली की आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमायचा, पुढं ओढली की पातळ व्हायचा. हा पाट घेऊन इथं बसायचा, तिथं बसायचा, उठून पहारीनं कर्णा बोटभर सरकवायचा, पुन्हा बसायचा. शेवटी दाराजवळच्या खांबाशी जागा सापडली. तिथं बसलं की कर्णे दिसायचे पण वाजतायत असं वाटायचंच नाही, सनईवाला समोर मांडी घालून बसल्यासारखा वाटायचा. सोपानरावाचे डोळे भरले. त्यानं त्या जागेवर खाट टाकली, नवी गोधडी अंथरली आणि पाडव्याची वाट बघू लागला.

पाडवा आला, आई आली नाही.

दुपारी भिमाजीची बायको कौशल्याबाई अंगणाच्या काटेरी कुपाटीशी येऊन सुभद्राबाईला सांगून गेली, की आत्याबाई गोठ्यात घसरून पडल्यात, खुबा मोडलाय, हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्यात, हलवायचं न्हाई म्हणलाय. सोपानरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या साली सुगीत भिमाजीनं असंच केलं होतं. आईला ताप आहे म्हणून महिना वाढवून घेतला आणि ती खळ्यावर उफणताना गावानं बघितली. एकदा फसला तो फसला. तो कुपाटीशी उभा राहून गर्जला की माझ्या महिन्याची आई माझ्या दारात आली पाहिजे.

भिमाजी गोठ्यातून बाहेर आला. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"आत ये आन बघ डोळ्यांनी," तो म्हणाला. "दार उघडंच हाय."

आता सांगा, चार पावलं टाकायची होती! पण सुंभ जळेल, पीळ कसा जाईल? "तुझा उंबरा मी ओलांडणार न्हाई," सोपानराव म्हणाला, "हे ठावं हाय म्हणूनच बोलावतोस तू." आणि तो माघारी फिरला.

त्याच संध्याकाळी त्यानं कर्णे कोपऱ्यांतून ओढून काढले. सुभद्राबाईला पहिल्यांदा वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पण त्यानं दोन्ही शेजारी शेजारी आणून तोंडं मधल्या भिंतीकडं फिरवली. भिमाजी पलीकडं कुठं निजतो ते त्याला लहानपणापासून पाठ होतं, मागच्या भिंतीतल्या दिवळीच्या खाली, जिथं आता मधली भिंत येऊन टेकली होती. बरोबर त्या जागेसमोर, मधल्या भिंतीला लागून, त्यानं दोन्ही तोंडं ठेवली. मागं ज्वारीची पोती लावली, म्हणजे मागं सरकायला नकोत. जे बसवायला आधी जीव ओतला होता, ते आता वैरासाठी बसवलं, आणि खरं सांगायचं तर हे काम जास्त नेटकं झालं. मशीनचं बटण होतं तेवढं पिळलं. सनई म्हणावी का डुक्कर कापतायत म्हणावं, असा आवाज उठला. भिंत थरथरली, आढ्याची धूळ खाली आली.

कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, हा रतीब रोज सुरू झाला. आईला पाठवलं की बंद करीन, असा निरोप त्यानं गावभर सोडला. शेजारणींच्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या. पंचांपैकी मारुतराव समजावायला आले, त्यांना त्यानं विचारलं की भिंत घालताना कुठं गेलं होतं शहाणपण? मारुतराव पागोटं सावरत निघून गेले. सगळं गाव शिव्या घालत होतं, फक्त भिमाजी गप्प. दार आपटलं नाही, दगड मारला नाही, साधी शिवीसुद्धा नाही. ते मूग गिळून बसणं सोपानरावाला सहन होईना. तो कर्णे आणखी रेटायचा, भिंतीला कान लावायचा, पलीकडं कुणी कण्हतंय असं वाटलं की समाधानानं मिशीवरून हात फिरवायचा. झोंबतंय लेकाला!

रविवारी सुट्टी होती. त्यानं सकाळपासूनच लावलं. भिंतीला चीर गेली आणि पलीकडं मातीचा पोपडा पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कौशल्याबाई दारात उभी राहिली. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा. पदरानं कपाळ पुसत होती.

"भावजी, भिंतीची माती आत्याबाईंच्या डोळ्यात जाती," ती म्हणाली. "कर्णे थोडं मागं घ्या."

सोपानरावाला काही उमजेना. दिवळीखाली तर दादा निजतो. आईचे डोळे तिथं कुठून आले? त्यानं मशीन बंद केलं. पाय आपोआप निघाले, अंगण ओलांडलं, आणि उंबरा कधी मागं पडला हे त्याला कळलंही नाही.

आई दिवळीखालीच होती. खाट भिंतीला चिकटवून लावलेली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत कळकाच्या पट्ट्या, अंग पाचोळ्याएवढं, डोळे मिटलेले, पापण्यांवर माती. उजव्या हाताचा तळवा भिंतीला टेकवलेला. उशाशी भिमाजी बसला होता आणि ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होता. सोपानराव खाटेशी जाऊन उभा राहिला.

"हितं का निजवलीस तिला?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं. "खाट त्या अंगाला घ्यायची हुतीस."

"घेतली हुती," भिमाजी म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही. "तू हे सुरू केलंस तवा तिनं रडून रडून हितं आणायला लावली. भिंत हादरली की खुबा ठणकतो, वरडती. पण हात काढत न्हाई. म्हणती, भिंत हालती तवर सोपान घरात हाय."

भिमाजीनं किती वेळा कर्णे बंद पाडायला उठावं आणि आईनं त्याचं धोतर धरून बसवावं, हे कौशल्याबाईनं मागून सांगितलं. सोपानराव ऐकत होता का नव्हता, देव जाणे. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि भावाचा राग अजून गेला नव्हता, दोन्ही एकदम.

म्हातारीचा तळवा भिंतीवर चाचपडला. इकडं फिरला, तिकडं फिरला, थांबला.

"कौसे," ती डोळे न उघडताच म्हणाली, "थांबलं गं. गेला वाटतं सोपान कामावर."

सोपानराव तिच्या पायांशी वाकला. भिमाजीनं त्याचा दंड धरला, घट्ट, दुखेल असा, आणि त्याला दाराकडं वळवलं.

"पाया मागनं पड," तो म्हणाला. "आधी जाऊन लाव. वाट बघतीया ती."